डंखावर लावलेला चुना: गुण कोणाचा आणि तो तपासायचा कसा?

मधमाशी चावली तर डंखावर काय लावावे, या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत उत्तर तयार असते. कोणी पानाच्या डब्यातला चुना लावतो, कोणी कापलेला कांदा चोळतो, कोणी तुळशीच्या बुंध्याची ओली माती थापतो, तर कोणी लोखंडाची किल्ली त्या जागी घासतो. या चार उपायांत एकमेकांशी मिळतेजुळते असे फारसे काही नाही, तरीही चारही उपाय करणारे लोक आपापल्या अनुभवाची ग्वाही देतात, आणि ते खोटे बोलत नसतात. लेप लावला आणि दहा-पंधरा मिनिटांत ठणका उतरला, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. अडचण एवढीच आहे की काहीही लावले नसते तरी बहुतेकांची पहिली तीव्र कळ साधारण तेवढ्याच वेळात ओसरू लागली असती, आणि मागे राहणारी सूज व खाज एक-दोन दिवस रेंगाळलीच असती. जे दुखणे आपणहून उतरणार आहे त्यावरच्या औषधाची परीक्षा घेणे हे दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. ते कसे करतात आणि का तसेच करावे लागते, हे आपल्या ओळखीच्या चुन्याचेच उदाहरण घेऊन पाहू.

आधी डंखात नेमके काय घडते ते पाहावे लागेल. कामकरी मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले बारीक काटे असतात. आपल्या लवचिक कातडीत ती नांगी अडकते आणि माशी उडू लागताच तिच्या शरीरातून उपटली जाते. सोबत विषाची पिशवी, स्नायू आणि त्यांना चालवणारी मज्जातंतूंची गाठही निघून येते. माशी थोड्या वेळाने मरते, पण मागे राहिलेला हा पंप चालूच राहतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पिशवीतले किमान ९० टक्के विष पहिल्या वीस सेकंदांत आत जाते आणि मिनिटभरात पिशवी जवळपास रिकामी होते. (गांधीलमाशीची नांगी अशी अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.) एका मधमाशीचे कोरडे विष फार तर दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे मिठाच्या एखाद-दोन कणांच्या वजनाइतके असते. त्यातला सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या, २६ अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीचा असतो. मेलिटिन पेशींच्या आवरणाला भोके पाडते आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते. मिरचीची आग ज्या प्रवेशद्वारातून जाणवते, तेच द्वार या कामातही सामील असते. विषातली इतर विकरे ऊतींमधला चिकट भराव सैल करून विषाला वाट मोकळी करून देतात आणि शरीराच्या स्वतःच्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते, त्यामुळे गांध उठते, लाली येते आणि खाज सुटते.

म्हणजे लेपाची वाटी हातात येईपर्यंत विषाचे काम बहुतांशी झालेले असते. नांगी काढण्याच्या पद्धतीवरून एके काळी मोठा कटाक्ष होता: ती चिमटीत धरून उपटू नये, पिशवी पिळली जाऊन जास्त विष आत जाते, त्याऐवजी नखाने किंवा खेळण्याच्या पत्त्यासारख्या चपट्या वस्तूने खरवडून काढावी, असे प्रथमोपचाराच्या पुस्तकांत सांगितले जाई. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात संशोधकांनी मधमाश्यांकडून मुद्दाम डंख करवून घेतले, नांगी कधी खरवडून तर कधी चिमटीने काढली, आणि उठलेल्या गांधीचा आकार मोजला. पद्धतीने काही फरक पडला नाही. फरक पडला तो वेळेने. काही सेकंदांच्या उशिरानेही गांध मोठी होत होती. पत्ता शोधण्यासाठी घरात धावणारा माणूस त्या धावण्यातच तोट्यात जातो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीही तपासून न पाहिलेली एक सूचना तपासायला त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. लागली ती फक्त मोजपट्टी, घड्याळ आणि थोडी सहनशक्ती.

आता लेपाकडे वळू. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम दहा-वीस मायक्रोमीटर जाड असतो, पण तो कुंपणाचे काम चोख करतो. औषधशास्त्रात एक ढोबळ नियम मानतात: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जास्त वजनाचा रेणू अखंड कातडीतून सहसा आत जात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत डंखावर मांस मऊ करण्याची पूड लावण्याचा उपाय बराच गाजला. त्या पुडीत पपेन असते, म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले तेच विकर, ज्याच्या भरवशावर आपल्याकडेही मटणाला कच्ची पपई लावून ठेवतात. पपेन प्रथिनांचे तुकडे करते आणि विष प्रथिनांचे असते, तेव्हा पपेनने विष नष्ट व्हावे, असा हा तर्क होता. काचेच्या नळीत तो पटण्यासारखा आहे. पण पपेनचा रेणू तेवीस हजार डाल्टनच्या पुढचा आहे आणि विष कातडीखाली एक-दोन मिलिमीटरवर आहे. मध्ये कुंपण आहे. नांगीने पाडलेले छिद्र सुईच्या टोकापेक्षाही बारीक असते, त्या वाटेने लेप विषाच्या मागोमाग पोचेल ही आशा व्यर्थ आहे. कुंपण ओलांडू शकणाऱ्या लहान रेणूंचीही गोष्ट फार वेगळी नाही. सुई टोचण्यापूर्वी कातडी बधिर करण्यासाठी लावतात त्या लिडोकेन-प्रिलोकेनच्या मलमाला, वरून चिकटपट्टीने झाकूनही, पुरता परिणाम दाखवायला साधारण एक तास लागतो. मग पाच मिनिटांत ‘गुण’ देणारा लेप नेमके काय करतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चुन्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण मात्र वेगळे आहे. मधमाशीचे विष आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी, म्हणून दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात, असे म्हणतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही मधमाशीच्या डंखात आम्ल असते आणि खाण्याच्या सोड्यासारख्या सौम्य अल्कलीने आराम पडतो, असे शिकवले जाते. विषाचे द्रावण आम्लधर्मी असते हे खरे आहे. पण दुखते ते आम्लामुळे नव्हे, तर मेलिटिन आणि त्याच्या साथीदारांमुळे. आणि आपल्या ऊतींतले द्रव असे असतात की इतक्या सूक्ष्म थेंबाची आम्लता ते स्वतःच क्षणात मोडून काढतात. त्यानंतरही मेलिटिन आपले काम करतच राहते. चुन्याने उदासीन करण्यासारखे आत काही उरलेले नसते, आणि उरले असते तरी चुना तिथवर पोचला नसता.

इथवरचा युक्तिवाद ऐकून ‘मग चाचणीची गरजच काय?’ असे वाटू शकते, पण ते बरोबर नाही. यंत्रणा समजत नाही म्हणून उपाय खोटा ठरत नाही. चुना ओला असतो, वाळताना थंडावा देतो. कातडीवर एक वेगळी चुरचुर उठवून मूळ वेदनेवरून लक्ष काढून घेत असेल. किंवा आपल्याला न सुचलेले तिसरेच काही घडत असेल. तर्काने फार तर शक्यता कमी-जास्त ठरते. निवाडा करायचा तर मोजावेच लागते, आणि मोजताना पहिला नियम असा की तुलनेशिवाय मोजमाप निरर्थक आहे. जर्मनीतल्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि पोहण्याच्या सरोवरांवर केलेला असा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. डंखाच्या जागी सुमारे ५० अंश सेल्सिअसची उष्णता काही सेकंद देणारे एक छोटे उपकरण वापरून पाहिले, आणि दहा मिनिटांत लोकांची वेदना बरीच कमी झाल्याचे नोंदवले गेले. पण ज्यांना काहीच दिले नाही असा तुलनेचा गटच त्यात नव्हता. त्या दहा मिनिटांतला किती आराम उष्णतेमुळे आणि किती नुसत्या मिनिटांमुळे, हे अशा अभ्यासातून कळू शकत नाही. उपकरण कदाचित उपयोगीही असेल. त्या अभ्यासाने ते सिद्ध झाले नाही, इतकेच.

तुलना केली तर काय घडते हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसते. ॲस्पिरिनची गोळी कुटून तिचा ओला लेप डंखावर लावावा, असा सल्ला तिथे प्रचलित होता. कारणही सबळ वाटत होते: ॲस्पिरिन दाह कमी करते आणि त्याचा रेणू १८० डाल्टनचा, म्हणजे कुंपण ओलांडण्याइतका लहान आहे. संशोधकांनी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावलेल्या लोकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली; एका गटाने ॲस्पिरिनचा लेप वापरला, दुसऱ्याने फक्त बर्फ लावला. दुखणे आणि सूज किती वेळ टिकली यात लेपाने काही फायदा दिसला नाही, उलट लेपाच्या गटात लाली जास्त वेळ राहिली. ज्या उपायामागचा तर्क चुन्याच्या तर्कापेक्षा कितीतरी भक्कम होता, तोच तुलनेत टिकला नाही. तुलनेचा गट नसता तर लेप लावलेला प्रत्येक जण ‘मला गुण आला’ असेच सांगून घरी गेला असता.

तर आता चुन्याची चाचणी आखू. पहिला प्रश्न असा की डंख कोणाचा आणि कुठे? ज्यांना चावली आहे त्यांची वाट पाहत बसले तर एकाला आग्या मोहोळाची माशी चावलेली असते, दुसऱ्याला सातेरीची, तिसऱ्याला गांधीलमाशी. कोणाच्या पापणीवर, कोणाच्या पायावर. कोणी दोन मिनिटांत आला, कोणी तासाभराने. जागेने किती फरक पडतो हे कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल स्मिथ या संशोधकाने स्वतःवरच मोजले, आणि २०१४ साली ते प्रसिद्ध केले. त्याने शरीराच्या २५ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, मधमाश्यांकडून डंख करवून घेतले आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. नाकपुडीला सरासरी ९ गुण मिळाले, वरच्या ओठाला ८.७, तर दंडाला आणि पायाच्या मधल्या बोटाच्या टोकाला २.३. त्याच्या आखणीतली खरी हुशारी मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. रोजच्या पाच डंखांपैकी पहिला आणि शेवटचा तो नेहमी हाताच्या पुढच्या भागावर घेई आणि त्याला पाच गुण धरून बाकीच्यांची तुलना करी, म्हणजे दिवसागणिक किंवा सवयीने सहनशक्ती बदलली तर ते लक्षात यावे. या कामाला २०१५ साली, कीटकांच्या डंखांची वेदनासूची बनवणाऱ्या जस्टिन श्मिट यांच्यासह, इग नोबेल पारितोषिक मिळाले. इग नोबेल आधी हसवते आणि मग विचार करायला लावते असे म्हणतात. इथे ते अक्षरशः खरे आहे.

म्हणून आपल्या चाचणीत स्वयंसेवकांना एकाच जातीच्या, एकाच पेटीतल्या माश्यांचा डंख हाताच्या पुढच्या भागावर, ठरलेल्या जागी द्यावा, नांगी ठरलेल्या सेकंदाला काढावी आणि लेप ठरलेल्या मिनिटाला लावावा. (प्रत्येक नोंदीमागे एक माशी मरते, हेही आखणी करताना विसरू नये, गरजेपेक्षा जास्त डंख घेणे हा तिच्यावरही अन्याय आहे.) एकाच माणसाच्या दोन्ही हातांची तुलना करता आली तर उत्तम, कारण माणसामाणसांतला फरक त्यात वजा होतो. मात्र दोन्ही डंख एकाच वेळी देऊ नयेत. एका हाताची कळ दुसऱ्या हाताची जाणीव झाकते. दोन डंखांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे आणि कोणता लेप आधी लावायचा हे नाणे उडवल्यासारखे, पण आधी बनवून ठेवलेल्या यादीनुसार ठरवावे. ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर नकळत का होईना, जास्त कळवळणाऱ्याला ‘खरे’ औषध देण्याकडे हात वळतो.

तुलनेचा लेप निवडणे हा या आखणीतला सर्वांत रंजक भाग आहे. चुन्याची तुलना ‘काहीच न लावणे’ याच्याशी केली, तर थंडावा, ओलावा, कोणीतरी आपली काळजी घेत आहे ही भावना, आजीच्या हाताचा गुण, हे सगळे चुन्याच्याच खात्यावर जमा होईल. म्हणून तुलनेला असा लेप हवा जो पांढरा, ओला, तितकाच थंड आणि तितकाच घट्ट आहे, पण तीव्र अल्कधर्मी नाही. माझ्या मते याला कॅल्शियम कार्बोनेटच्या शुद्ध भुकटीचा, म्हणजे खऱ्या खडूचा लेप चालेल. फळ्यावर लिहायचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो, तो नव्हे. गंमत अशी की ओला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटच होतो, त्यामुळे हातावरचे दोन्ही लेप वाळल्यावर तर जवळजवळ सारखेच दिसतील. दोन्ही लेप सारख्या डब्यांत, नुसते क्रमांक घालून ठेवायचे. लावणाऱ्याला आणि लावून घेणाऱ्याला, दोघांनाही कोणता डबा कशाचा हे ठाऊक नसावे. मराठीत ‘चुना लावणे’ याचा दुसरा अर्थ फसवणे असा होतो. या चाचणीत खडू लावणेही त्याच अर्थाने घ्यावे लागेल, फक्त आधी सर्वांची लेखी संमती घेऊन.

मोजायचे काय, हेही आधीच ठरवून जाहीर करावे लागते. वेदना शून्य ते दहाच्या पट्टीवर दर दोन मिनिटांनी लिहून घ्यावी, गांधीचा व्यास मोजावा, लालीचा फोटो काढावा, खाज दुसऱ्या दिवशी विचारावी, हे सगळे ठीक आहे. पण निकाल यांपैकी कोणत्या एका आकड्यावर लागणार, उदाहरणार्थ दहाव्या मिनिटाच्या वेदनेवर, हे सुरुवातीलाच लिहून ठेवले पाहिजे. वीस गोष्टी मोजल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ ठरते, आणि नंतर तेवढीच छापायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. भारतात अशा चाचण्यांची आगाऊ नोंद करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची सार्वजनिक नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, २००७ सालापासून आहे. किती माणसे हवीत हे कागदावर काढता येते. आपत्कालीन विभागातल्या रुग्णांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर साधारण १३ मिलिमीटरचा फरक पडला तरच रुग्णाला तो जाणवतो. म्हणजे दहाच्या पट्टीवर १.३. समजा दोन वेगवेगळे गट घेतले आणि माणसामाणसांतल्या आकड्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) २ धरले, तर एवढा फरक ८० टक्के भरवशाने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३८ जण लागतात. पण अर्ध्या गुणाचा फरक पकडायचा म्हटले तर ही संख्या प्रत्येक गटात अडीचशेच्या घरात जाते. आठ-दहा जणांवर करून पाहिलेल्या प्रयोगातून ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच ‘फरक आहे’ म्हणण्याइतकेच घाईचे असते.

प्रत्येक वेळी असे अंधारात ठेवणे शक्य नसते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. विंचू हा कीटक नव्हे आणि तिथे औषधही लेपाचे नाही, पोटात घ्यायच्या प्रॅझोसिन या गोळीचे आहे. पण चाचणीची तत्त्वे तीच. २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्णांची विभागणी करून, नुसते प्रॅझोसिन आणि प्रॅझोसिनसह विंचवाचे प्रतिविष अशी तुलना केली होती. कोणाला काय दिले हे उघड होते. मात्र मोजले ते घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांसारख्या लक्षणांचे दहा तासांत शमणे, म्हणजे डॉक्टरांना पाहता आणि मोजता येण्याजोगे काही. रुग्णाच्या किंवा डॉक्टरांच्या आशेने घाम सहसा आटत नाही. वेदना मात्र आशेने खरोखरच कमी होते, म्हणून डंखावरच्या लेपाच्या चाचणीत डोळे बांधणे जास्त गरजेचे ठरते.

नैतिकतेच्या बाबतीत दोन गोष्टींवर तडजोड नाही. पूर्वी डंखानंतर अंगभर पित्त उठलेल्या, दम लागलेल्या किंवा चक्कर आलेल्या व्यक्तीला अशा चाचणीत घेता येत नाही, आणि बाकीच्यांसाठीही ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आणि ते देणारा डॉक्टर शेजारी हवा. ॲलर्जीचा तीव्र झटका काही मिनिटांत जीव घेऊ शकतो आणि तिथे कोणताही लेप कामाचा नाही. मोहोळ उठून एकाच माणसाला शेकडो माश्या चावल्या तर गोष्ट आणखी वेगळी असते, त्याला थेट रुग्णालयातच न्यावे लागते. दुसरे म्हणजे चुना निरुपद्रवी नाही. त्याचा सामू बाराच्या वर असतो, नाजूक कातडी तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळाचे कायमचे नुकसान करू शकतो. त्यामुळे पापणीजवळच्या डंखावर त्याची परीक्षा घेणे तर सोडाच, तिथे तो घरीही लावू नये.

आणि नेमका हाच दाहक गुण चाचणीची गुप्तता फोडू शकतो. चुना चुरचुरला की स्वयंसेवक मनात म्हणतो, ‘हा खरा चुना’, आणि खरे औषध मिळाल्याच्या समाधानाने त्याचा आकडा खाली येतो. म्हणून प्रत्येकाला विचारावे लागते की तुम्हाला काय लावले असे तुम्हाला वाटते. खडू लावलेले, पण तो चुना आहे असे वाटलेले लोक जर खऱ्या चुन्याइतकाच आराम नोंदवत असतील, तर आराम डब्यातल्या पदार्थाचा नाही हे उघड होते. पण हा प्रश्न शेवटी विचारून चालत नाही, कारण तोवर ज्याची कळ गेली तो ‘चुनाच असणार’ म्हणेल आणि ज्याची राहिली तो ‘खडू’ म्हणेल, मग डब्यात काहीही असो. तो लेप लावल्यावर पहिल्या मिनिटातच, वेदनेचा पुढचा आकडा लिहून घेण्यापूर्वी विचारायचा असतो.